बाबांच्या आवाजाचा कॉम्प्युटर

माझा कॉम्प्युटर मी अमरावतीला शिकत असताना जोडला होता. एकेक भाग सवडीनं आणून, मित्राच्या खोलीतल्या पलंगावर वर्तमानपत्र पसरून. पुढे मेहकरला ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली तेव्हा तो सोबत आला. प्रश्नपत्रिका टाइप करायच्या, भौतिकशास्त्राच्या आकृत्या काढायच्या, सुटीत एखादा सिनेमा पाहायचा, एवढं त्याचं काम. दिवाळीला घर झाडताना त्याचंही झाकण काढून धूळ साफ करायची. यापलीकडे त्याच्यासाठी काही करावं असं मला बरीच वर्षं वाटलं नाही.

आई-बाबा जानेफळला राहत. बाबांची शेती तिथलीच. बोलणं मोजकं, पण आवाज असा की मळ्यातून हाक मारली तर आई घरातून ओ द्यायची. मोबाइल आल्यावर त्यांनी टाइप करायचा नाद कधी केला नाही. बटण दाबून धरायचे आणि बोलून पाठवायचे. ‘लाइन गेली. मोटर बंद हाय. तू कवा येतं?’ एवढंच. उत्तराची वाट न पाहता फोन खिशात.

एका हिवाळ्यात त्यांचा आवाज बसला. गावातल्या डॉक्टरांनी औषधं दिली, आईनं ज्येष्ठमध चघळायला दिला. आवाज काही सुटेना. शेवटी मी त्यांना अकोल्याला घेऊन गेलो. घशात दुर्बीण घालून झाली, तुकडा तपासायला गेला, आणि दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की स्वरयंत्रावर गाठ आहे, ती कॅन्सरची आहे, आणि स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल.

बाबांनी विचारलं, “मंग बोलाचं कशानं?”

बाईंनी शांतपणे समजावलं. मानेला समोरून एक छिद्र राहील, श्वास तिथून चालेल. बोलण्यासाठी काही साधनं असतात, काहींना ती जमतात, काहींना नाही. बाबा ऐकत होते. परतीच्या बसमध्ये पातूर मागे पडलं तेव्हा खिडकीकडे पाहतच ते म्हणाले, “तवापर्यंत बोलून घेतो मंग.”

त्या एका वाक्यावरून मला सुचलं. ऑपरेशनला अजून काही आठवडे होते. तेवढ्यात त्यांचा आवाज भरून ठेवायचा. रोज लागणारी वाक्यं त्यांच्याच तोंडून घ्यायची, एकेका बटणावर बसवायची, आणि नंतर त्यांनी बटण दाबलं की तेच बोलतील. मी कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून जानेफळला नेला, माइक विकत आणला आणि माजघरात मांडला.

पहिल्याच दिवशी अडचण कळली. बाबा बोलले, मी ऐकून पाहिलं, तर त्यांच्या आधीच घोगऱ्या झालेल्या आवाजामागे माझ्याच कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर होती. हार्ड डिस्कची कुरकुरही. इतक्या वर्षांत मला तो आवाज कधी ऐकूच आला नव्हता. माइक लांब नेला तर बाबा ऐकू येत नव्हते, जवळ आणला तर पंखा.

मी अकोल्याच्या दुकानात गेलो. सुटे भाग विकणारा तो माणूस माझ्याच वयाचा असेल. त्यानं विचारलं, “गेमिंगसाठी करून राह्यले का, सर?”

“नाही. आवाज नको आहे त्याचा. अजिबात.”

त्याला कारण सांगितलं. मग त्यानं आकारानं मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा काढला. लहान पंख्याला तेवढाच वारा द्यायला जोरात फिरावं लागतं, म्हणून तो ओरडतो, हे मला शिकवता येत होतं, पण विकत घेताना मी कधी विचारात घेतलं नव्हतं. हार्ड डिस्कऐवजी त्यानं एसएसडी दिली. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे कुरकुरही नाही. दोन्ही बसवून कॉम्प्युटर सुरू केला तेव्हा आईनं विचारलं, “चालू झालं का?” ते कळत नव्हतं इतकी शांतता होती.

मी वाक्यं लिहून आणली होती. बाबांनी पहिलंच वाक्य वाचलं, ‘मला पाणी हवं आहे,’ आणि माझ्याकडे पाहिलं.

“हे कोन बोलते?”

“तुम्हीच म्हणायचं आहे, बाबा.”

“मी असा बोलतो का? मी तं म्हनतो, पानी दे.”

माझे कागद बाजूला राहिले. मग ते आपल्या मनानं बोलत गेले. मोटर बंद केली का. चहात साखर कमी टाक. मले नाही पाह्यजे. जेवून जा. बस, झालं. आईला ते नावानं कधी हाक मारत नसत, ‘अवं, ऐकलं का’ एवढंच म्हणत. ते त्यांनी तीन तऱ्हांनी भरून घेतलं. एक रोजचं, एक रागाचं, आणि एक घरात पाहुणे असतानाचं, जरा हळू. आई तेव्हा चुलीपाशी होती. तिनं पदर तोंडाला लावलेला मी पाहिला, पण ती हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही.

ऑपरेशन झालं. घरी आल्यावर काही दिवस बाबांनी बटणं दाबायला नकार दिला. मग हळूहळू दाबू लागले. पाणी, चहा, मोटर, यात दिवस निघत होता. पण माणूस एवढ्यावर कसा राहील? एक दिवस सोयाबीन घेणारा व्यापारी घरी आला. ओळखीचा, बसून गप्पा मारणारा. त्यानं बाजारभावाचं काही विचारलं. बाबांना त्याच्याशी वाद घालायचा होता, ते चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांची बोटं बटणांवरून फिरली. त्यांना हवं ते वाक्य कुठल्याच बटणावर नव्हतं. शेवटी त्यांनी ‘जेवून जा’ दाबलं आणि उठून मागच्या अंगणात निघून गेले. व्यापारी ओशाळून बसून राहिला.

त्यानंतर मी शोध सुरू केला. माणसाच्या आवाजाचे पुरेसे तुकडे दिले तर तो आवाज शिकून घेणारे प्रोग्रॅम आहेत, आपण लिहू ते त्या आवाजात बोलतात, एवढं मला कळलं. इंटरनेटवरून करून देणाऱ्या कंपन्या होत्या. पण बाबांचा आवाज कुणा तिऱ्हाइताच्या मशीनवर पाठवायला मन होईना, आणि जानेफळला नेटचा भरवसाही नव्हता. घरच्याच कॉम्प्युटरवर करायचं ठरलं. तुकडे होते. माइकवर घेतलेले होते, आणि त्याहून मोलाचे म्हणजे फोनमधले, आजारापूर्वीचे, भरल्या आवाजातले. ‘लाइन गेली, मोटर बंद हाय’ सारखे कितीतरी. मी कधी पुसले नव्हते, माझ्या धाकट्या बहिणीनंही तिला आलेले पुसले नव्हते.

पण माझ्या कॉम्प्युटरला हे काम झेपणारं नव्हतं. नुसत्या प्रोसेसरवर टाकलं तर कधी संपेल याचा अंदाज लागेना. प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्ड बदलावा लागणार, तो बदलला की जुनी रॅम त्यात बसणार नाही, म्हणजे सगळंच नवं. पुन्हा दुकानदाराशी बोललो. तो म्हणाला, “प्रोसेसर राहू द्या. या कामाले ग्राफिक्स कार्ड लागते. अन् कार्ड घेताना पळते किती ते पाहू नका, त्याच्यावर मेमरी किती हाय ते पाहा. कमी पडली तं काम सुरूच होनार नाही.”

एक वापरलेलं मोठं कार्ड त्याच्याकडे होतं. त्यानं ते दाखवलं आणि स्वतःच आत ठेवलं. कोणी किती तापवलंय ते माहीत नाही, म्हणाला, तुमचं काम अर्ध्यात थांबायला नको. मी नवं घेतलं, वेगानं बेताचं पण मेमरीनं भरपूर. त्याला वीज जास्त लागते म्हणून पॉवर सप्लाय बदलला. गावाकडच्या विजेचा हेलकावा सोसेल असा. रॅमच्या दोन जागांपैकी एक रिकामी होती, ती भरली.

घरी येऊन बसवायला घेतलं तर कार्ड कॉम्प्युटरच्या पेटीत मावेना. समोर जुन्या हार्ड डिस्कसाठी केलेला पत्र्याचा खण होता, त्याला ते अडत होतं. मी मोजमाप न करता घेतलं याचा मला राग आला. बाबा खाटेवरून पाहत होते. ते उठले, कोठीतून लोखंड कापायची करवत घेऊन आले, आणि खुणेनं मला मदरबोर्ड आधी बाहेर काढायला लावला. लोखंडाचा कीस त्यावर पडू नये हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती, मोटरची दुरुस्ती करणाऱ्याला ते कळतं. मग मी पेटी धरली आणि त्यांनी खण कापला. मानेच्या छिद्रातून त्यांचा श्वास जोरानं येत होता. मी म्हटलं, मी कापतो. त्यांनी मान हलवली. कापलेल्या कडा त्यांनी कानशीनं घासल्या, बोट फिरवून पाहिलं, आणि पेटी माझ्याकडे सरकवली.

आवाज शिकवायचं काम बरेच दिवस चाललं. उन्हाळा होता. पेटीची बाजू उघडी ठेवून समोर टेबलफॅन लावला होता. वीज गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर उतरला की काम थांबवून पुन्हा तिथूनच सुरू. बाबा येता-जाता पत्र्यावर तळहात ठेवत, तापलंय का पाहत, जसा ते मोटरवर ठेवत.

ज्या दुपारी ते पूर्ण झालं, त्या दुपारी मी लिहिलं, ‘बाजारात आज काय भाव निघाला?’ आणि स्पीकरमधून बाबांचा आवाज आला. घोगरा नाही, आजाराआधीचा. बाबांचा हात गळ्याकडे गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी मला पुन्हा लावायची खूण केली. मग पुन्हा. नंतर कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

एका बोटानं अक्षर शोधत ते लिहायला शिकले. सुरुवातीला एक भानगड झाली. टाइप करताना शब्द सुधारणारी सोय चालू होती. बाबा ‘मले’ लिहीत, ती त्याचं ‘मला’ करी. स्वतःच्या आवाजात पुणेरी ऐकू आलं की बाबा टेबलावर थाप मारत. ती सोय मी बंद केली. पुढच्या बाजारच्या दिवशी तो व्यापारी आला तेव्हा बाबांनी सावकाश लिहून त्याला सुनावलं, “मागच्या साली बी तू हेच म्हनून राह्यला होता.” व्यापारी आधी दचकला, मग वाद घालू लागला. बाबा लिहीत राहिले. चहा दोनदा झाला.

दीड-दोन वर्षं अशी मिळाली. नंतर आजार फुप्फुसात दिसला. शेवटच्या महिन्यात त्यांना टाइप करायची ताकद नव्हती आणि इच्छाही नव्हती. आईचा हात हातात घेऊन ते बोटांनी काही सांगत आणि तिला समजे. कॉम्प्युटर कोपऱ्यात बंद होता. ते गेले तेव्हा घरात आई, बहीण आणि मी, आम्ही तिघंच होतो.

वर्षानं बहिणीचं लग्न ठरलं. एक दिवस ती माझ्यापाशी येऊन बसली.

“दादा, बाबांचा आवाज अजून हाय ना त्याच्यात?”

“आहे.”

“मग लग्नात त्याइचा आशीर्वाद लावता येईन का? दोनच वाक्यं.”

मला त्यात वावगं काही वाटलं नाही. आम्ही दोघांनी मिळून वाक्यं जुळवली, बाबा बोलले असते तशी, ‘मले’, ‘तुले’ सगळं जागच्या जागी. आवाज आला. ‘सुखानं राह्य, बाई. इकडली काळजी करू नोको.’ बहिणीला रडू आवरेना.

आई स्वयंपाकघरातून आली. हात कणकेचे होते.

“हे कवा बोलले ते?”

“बोलले नाहीत, आई. आम्ही लिहिलं.”

ती दारातच उभी राहिली.

“ते बसून लिहीत होते तवा ते त्याइचं बोलनं होतं,” ती म्हणाली. “आता हे तुमचं हाय. पोरीच्या लग्नात ते काय बोलले असते, मलेबी माहीत नाही. कदाचित काहीच बोलले नसते, मांडवाच्या मागं जाऊन उभे राह्यले असते. जे ते बोलले नाही ते त्याइच्या तोंडी घालू नोको, बापा.”

ती रागावलेली नव्हती. बहिणीनं डोळे पुसले आणि मान हलवली. त्याच आठवड्यात मी तो शिकवलेला आवाज काढून टाकला. पुसण्याआधी एकदा ऐकावा असं वाटलं होतं, पण ऐकला नाही. त्यांनी स्वतः बोललेलं सगळं वेगळ्या डिस्कवर ठेवून तिची एक प्रत बहिणीला दिली. कार्ड कॉलेजच्या प्रयोगशाळेला दिलं. तिथं मुलं त्यावर दुसरंच काही शिकतात.

लग्न मेहकरला झालं. आशीर्वादाला मामा उभे होते. निघायच्या वेळी आईनं बहिणीला जवळ घेतलं आणि तिच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. बँड वाजत होता, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. बहिणीनं दोनदा मान डोलावली आणि गाडीत जाऊन बसली.