पडद्यामागच्या खुर्च्या

सेवा मंडळाची सभा जवळ आली की अध्यक्ष सभासदांची यादी पुन्हा पुन्हा मोजत बसायचे. एरवी ते चष्म्यांचं दुकान चालवणारे साधे गृहस्थ, पण मंडळात त्यांचा जीव अडकलेला. मागच्या सभेला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, त्याचा त्यांनी धसकाच घेतला. "नवी माणसं आली नाहीत, तर माझ्या डोळ्यांदेखत मंडळ बुडणार," असं ते उठता-बसता बायकोला ऐकवायचे.

म्हणून यंदा त्यांनी जुन्या सभासदांपुरत्याच खुर्च्या मांडल्या आणि उरलेल्या पडद्यामागे दडवल्या. सभागृह गच्च भरलेलं दिसलं, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला आणि ते कागदात डोकं घालून भाषण वाचू लागले.

तेवढ्यात दारात दोन तरुण मुली डोकावल्या.

"अगं, इथे तर जागाच नाही. यांना कशाला हवंय आपलं लोढणं?" एक कुजबुजली. दाराशी चहा ओतणारी बायको किटली ठेवून धावली, तोवर दोघी जिना उतरून गेल्या होत्या.

सभा संपल्यावर अध्यक्षांनी नेहमीचा सुस्कारा सोडला. "आजही नवीन कुणी फिरकलं नाही!"

बायकोने सर्रकन पडदा बाजूला ओढला.

"दोघी आल्या होत्या. बसायचं कुठे होतं त्यांनी, तुमच्या डोक्यावर?"