लॅपटॉपमधला कापूस

“जिनिंगना माल शे हाऊ,” दुरुस्तीवाला शेजारच्या मोबाइलवाल्याला हळूच म्हणाला.

आम्हाला कळू नये म्हणून तो अहिराणीत बोलला असावा. पण पप्पांचं लहानपण पिंपळनेरकडे गेलेलं, आणि मी इंग्रजी शाळेत शिकले तरी ‘जिनिंगचा माल आहे हा’ एवढं मलाही कळतं. त्याच्या चिमट्यात माझ्या लॅपटॉपच्या पंख्यामागून काढलेली एक पट्टी होती. मळकी पांढरी, दाबून बसलेली, नमद्याच्या तुकड्यासारखी.

“काय म्हणालात?” पप्पांनी विचारलं.

“काही नाही भाऊ. कापूस निघाला आतून. हवा जायलाच जागा नव्हती. घरात एवढा कापूस कुठून येणार? जिनिंगमध्ये वापरलेलं मशीन असेल. कोणाकडून घेतलं?”

 पप्पांनी ती पट्टी मागून घेतली, कागदात गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

लॅपटॉप धुळ्याच्या नानांचा होता. नाना म्हणजे पप्पांचे दीपनगरच्या नोकरीतले जोडीदार. वीज केंद्रात दोघांनी वर्षानुवर्षं एका पाळीत काम केलं, एका डब्यात जेवले. मला लॅपटॉप हवा आहे हे कळल्यावर नानांनी स्वतःचा थोड्या पैशांत काढून दिला होता. “घरातच वापरलाय मी, एकदम स्वच्छ,” असं ते तेव्हा म्हणाले होते. पण निवृत्तीनंतर दोन हंगाम नाना एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर पावत्या लिहायला बसत होते. हे पप्पांना माहीत होतं आणि मलाही.

मला खरं तर काहीच समजत नव्हतं. पुढच्या मंगळवारी माझी एक ऑनलाइन मुलाखत होती. त्यासाठी मी बऱ्याच दिवसांपासून खोलीचं दार लावून रोज सराव करत होते, म्हणजे पडद्यावरच्या माझ्याच चेहऱ्याकडे बघून उत्तरं मोठ्याने म्हणत होते. वीस-पंचवीस मिनिटं झाली की पंखा घरघरायला लागायचा, आणि मी वाक्याच्या मध्ये असताना पडदा काळा व्हायचा. एकदा तर ‘माय स्ट्रेंग्थ इज’ एवढंच म्हणून झालं होतं.

घरातल्या प्रत्येकाकडे उपाय होता. आईने तो कूलरसमोर ठेवायला सांगितलं. पप्पांनी कूलरची दमट हवा यंत्राला चालत नाही म्हणून तिला गप्प केलं. त्यांचा सगळा जन्म मोठमोठी यंत्रं थंड ठेवण्यात गेलेला. त्यांनी लॅपटॉप हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर ठेवला, दोन तास त्यावर बातम्या बघितल्या आणि दर पंधरा मिनिटांनी बुडाला हात लावून पाहिला. काहीही झालं नाही. मी तो खोलीत नेला. अर्ध्या तासात बंद.

“तू काय काय उघडून ठेवतेस त्यात?” पप्पा म्हणाले.

मी काहीच उघडत नव्हते. पण चारचौघांत नीट वागणारं यंत्र माझ्याच हातात बिघडतं, हे इतक्या वेळा झालं की मला माझाच संशय यायला लागला. मी कळा फार जोरात दाबते का, असाही विचार केला होता.

दुरुस्तीवाल्याकडे आम्ही त्याआधीही एकदा गेलो होतो. त्या वेळी त्याने तो उघडला नव्हता. काचेच्या काउंटरवर तासभर चालू ठेवला, आणि तो चालला. मग त्याने मला विचारलं होतं, “ताई, घरी ठेवता कशावर? टेबलावर, का पलंगावर?”

दुकानात पप्पा होते, दुरुस्तीवाला होता, मोबाइलवाला होता आणि चार्जर बदलून घ्यायला आलेले दोघं होते. सगळे माझ्याकडे बघत होते. इंग्रजीत विचारलं असतं तर मी ‘बेड’ म्हणून मोकळी झाले असते. ‘पलंगावर’ म्हणताना मात्र माझी सगळी खोली त्या काउंटरवर मांडल्यासारखं वाटलं. चादर, पाय पोटाशी घेऊन बसणं, बंद दार, सगळं.

“टेबल,” मी म्हणाले.

मुद्दाम खोटं बोलतेय असं तेव्हा वाटलं नव्हतं. वॉरंटी आहे का, बिल आहे का, तसाच हाही विचारायचा म्हणून विचारलेला प्रश्न वाटला होता. माझ्या खोलीत टेबल नाही. हॉलमध्ये बसून स्वतःच्या गुणांबद्दल मोठ्याने बोलणं मला जमलं नसतं, म्हणून मी पलंगावर बसत होते. सुरुवातीला लॅपटॉप मांडीवर घ्यायचे. चटके बसायला लागले तशी खाली चादरीची घडी घेतली. आणखी तापायला लागला तशी उशी घेतली.

कापूस काढून, उष्णता ओढणारी नवी पेस्ट लावून आणल्यावर दोन दिवस तो बरा चालला. शनिवारी पुन्हा बंद पडला.

“आतून जळालाय तो,” पप्पा म्हणाले. “दोन वर्षं जिनिंगमध्ये कापूस खाल्लाय त्याने. उद्या धुळ्याला जाऊ.”

जळगावहून निघालेल्या बसमध्ये त्यांनी लॅपटॉपची बॅग मांडीवर धरली होती. पारोळा गेल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “बिघडलेला दिला याचं काही नाही. जिनिंगमधला आहे म्हणाला असता तरी घेतला असता मी. माझ्याशी खोटं का बोलला?” हे त्यांनी मला विचारलं नव्हतं. खिशातल्या कागदाला हात लावून तो जागेवर असल्याची खात्री करून घेतली आणि डोळे मिटले.

नानांनी दार उघडलं. “वाट चुकना का, लेका?” ते ओरडले आणि पप्पांच्या पाठीत एक थाप मारली. पप्पा हसले, पण नेहमीसारखे नाही. लॅपटॉप तापून बंद पडतो, एवढंच त्यांनी सांगितलं. नानांनी तो टीपॉयवर ठेवून चालू केला आणि ते म्हणाले, “आधी जेवा. तोवर कळेल कोणाला ताप आलाय ते.”

काकूंनी शेवभाजी केली होती. आम्ही जेवून उठलो तरी लॅपटॉप चालूच होता. नानांनी त्याच्या पाठीला हात लावला. “बघ. माठासारखा गार शे. लेका, तू जळगावचं ऊन बदल, लॅपटॉप कशाला बदलतोस?”

मी ताटं उचलून आत नेली. ओट्याशी काकूंनी मला पाठमोरी केलं आणि माझ्या काळ्या कुर्त्यावरून काहीतरी वेचलं. “हे काय गं, कापूस चिकटलाय सगळीकडे. उशी उसवलीय का तुझी?”

“नवीन पिंजून घेतली ना, तिचा निघतो,” मी म्हणाले. भडगावच्या मामांकडचा कापूस होता. आईने पिंजाऱ्याकडून उशा भरून घेतल्या होत्या आणि माझ्या उशीच्या शिवणीतून तो रोज थोडा थोडा बाहेर यायचा. मी कॉलेजला निघताना तो अंगावरून वेचायचे. काकूंनी तो पांढरा झुबका माझ्या तळहातावर ठेवला आणि त्या भांडी घासायला वळल्या.

मी तळहाताकडे बघत उभी राहिले. काहीतरी जुळत होतं आणि ते जुळू नये असं मला वाटत होतं. टेबलावर चालतो, काउंटरवर चालतो, टीपॉयवर चालतो. चटके बसले म्हणून मी खाली जाड काहीतरी घेतलं आणि तो जास्त तापला. तापला म्हणून आणखी जाड घेतलं, आणि त्याची खालून येणारी हवाच बंद केली.

बाहेर पप्पा बोलायला लागले होते. मी दारापर्यंत आले. टीपॉयवर कागद उलगडलेला होता.

“हे आतून निघालं, नाना. कापूस आहे.”

“कापूस? माझ्या लॅपटॉपमधून?”

“जिनिंगला जात होतास ना तू.”

“जात होतो. वही आणि पेन घेऊन जात होतो. लॅपटॉप कधी या घराच्या उंबऱ्याबाहेर नेला नाही.”

“मग हा आला कुठून?”

“मला काय ठाऊक?” नानांचा आवाज चढला. “म्हणजे मी खोटं बोललो?”

पप्पांनी ‘नाही’ म्हणायला हवं होतं, आणि नाना त्याचीच वाट बघत होते. वर पंखा फिरत होता. त्याच्या वाऱ्याने कागदावरची पट्टी थोडी हलली. मला बोलता आलं असतं. पण मग दुकानातलं ते ‘टेबल’ही सांगावं लागलं असतं, पप्पांसमोर, नानांसमोर. मी मूठ घट्ट केली. पप्पा स्वतःच म्हणतील काहीतरी, विषय निघून जाईल, असं वाटत राहिलं.

नाना उठले. त्यांनी लॅपटॉपचं झाकण हलकेच बंद केलं आणि वायर गुंडाळायला लागले.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “तुम्ही ठेवून जा इथे. तुमचे पैसे उद्या पाठवतो.”

तुम्ही. मी जन्मापासून या दोघांना ऐकत आले होते. लेका, गाढवा, येडा झालास का, याखेरीज त्यांच्यात दुसरी भाषा नव्हती.

“तुमची मर्जी,” पप्पा म्हणाले आणि चपला शोधायला वळले.

“नाना,” मी म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की काकूही आतून बाहेर आल्या. मी मूठ उघडली आणि पुढे केली. “मी टेबलावर ठेवत नाही तो. पलंगावर ठेवते, उशीवर. हा कापूस माझ्या उशीतला आहे.”