मालतीबाईंचा वर्षअखेरचा अहवाल

सुरतेच्या बमरोली भागातल्या मराठी शाळेत निकालाच्या दिवशी पेढे वाटण्याआधी वर्षाचा अहवाल वाचला जाई आणि एकवीस वर्षं तो मालतीबाईच लिहीत आल्या होत्या. कोण नवीन आलं, कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाच्या वडिलांना लांब इच्छापोरला काम लागलं म्हणून दाखला नेला, सगळं त्यात असे. ऐकीव गोष्ट त्या लिहीत नसत. मार्च सरता सरता छत्री घेऊन निघायचं, यंत्रमाग कामगारांच्या गल्ल्या पालथ्या घालायच्या, दारात उभं राहून विचारायचं आणि मगच कागदावर उतरवायचं. कुणाकडे चहा नाही, की टेकणं नाही.

"बाईंच्या पायाला भिंगरी आहे," हेडमास्तर रघुनाथ सर म्हणायचे. "वर्गात तरी खुर्चीवर बसलेलं कुणी पाहिलंय का त्यांना?"

१९९६ साली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, लवकर आली, वीस एप्रिलला. आखाजीला खानदेशी माणूस सुरतेत थांबत नाही. त्याला शेठ धरून ठेवू शकत नाही, तिथे शाळेचं काय चालणार! वार्षिक परीक्षा आठ तारखेला सुरू होणार होती आणि एक तारखेपासूनच मुलं गळायला लागली. सातवीची चौतीस होती, त्यांची सव्वीस झाली. मालतीबाईंना घास गोड लागेना. हजेरी घेताना एखादं नाव वाचलं आणि उत्तर आलं नाही, की पुढचं नाव त्यांच्या तोंडून फुटायला वेळ लागे.

पल्लवी गुरुवारपासून दिसत नव्हती. वर्गातली सर्वांत हुशार मुलगी. गणित तोंडावर, अक्षर मोत्यासारखं. शनिवारी मालतीबाई तिच्या गल्लीत गेल्या. तिचे वडील सुकलाल यंत्रमागावर रातपाळीला होते. आई भागीरथी दिवसा साड्यांना घड्या घालायला कारखान्यात जाई. दाराला कुलूप होतं. बाईंनी कडी वाजवली, दोन हाका मारल्या. शेजारच्या दाराला कुलूप, समोरच्याही दाराला कुलूप. आखाजीच ती. घरी येऊन त्यांनी लिहिलं, 'पल्लवी सुकलाल, परीक्षा न देता गावी गेली.' सोमवारी पहिला पेपर झाल्यावर अहवाल रघुनाथ सरांच्या हाती दिला.

तरी चैन पडेना. पल्लवीचा रिकामा बाक पाहिला की काहीतरी चुकल्यासारखं वाटे. मंगळवारी दुसरा पेपर आटोपून त्या पुन्हा त्याच गल्लीतून निघाल्या, तर त्या कुलपाआडून तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू आलं.

मालतीबाई जागच्या जागी थबकल्या. एरवीच्या दिवसांत त्यांनी ओळखलंच असतं. रातपाळीचा माणूस आत झोपला, की बायको बाहेरून कुलूप घालून कामावर जाते, म्हणजे कुणी दार ठोठावून त्याची झोप मोडत नाही. साऱ्या गल्लीची ही रीत. फक्त आखाजीच्या तोंडावर प्रत्येक कुलूप त्यांना गावी गेलेलं वाटलं.

त्या खिडकीच्या जाळीपाशी गेल्या. "पल्लवी?"

"बाई, हळू बोला. बाबा झोपलेत." जाळीमागे पल्लवीचा चेहरा आला, कडेवर तिचा वर्षाचा भाऊ भटू.

"अगं, तू इथे? आणि पेपर?"

"भटूला पाहणारी आजी गावी गेली. आई म्हणाली, थोडे दिवस घरी राहा."

"शनिवारी मी कडी वाजवली..."

"ऐकलं बाई." पल्लवीने खाली पाहिलं. "बोलले असते तर बाबा उठले असते."

मालतीबाई तिथून तडक भागीरथीच्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. जेवणाच्या सुट्टीत भागीरथी बाहेर आली आणि बाईंना पाहून तिने पदर सावरला.

"बाई, मी तरी काय करू? पोरगं कोनाकडे टाकू? आन सातवीनंतर तुमनी शाळा संपस. पेपर दिधा काय आन नही दिधा काय."

"दोन बुडालेत, ते मी सरांना सांगून मागाहून घेईन. उरलेले तीन दिले नाहीत तर तिला आठवीत कुणी घेणार नाही. ना इथे, ना गावी."

"सुट्टी घेतली तर माले कामावरून काढी टाकतीन."

"सुट्टी नको घेऊस. भटूला मी सांभाळते."

"वर्गात?" भागीरथीला हसू आलं. "तो तुमच्या अंगावर मुतीन बाई!"

"मुतू दे. दुसरी किल्ली असेल ती दे."

बुधवारी सकाळी पावणेआठला मालतीबाईंनी ते कुलूप स्वतःच्या हाताने उघडलं, भटूला घेतलं, पल्लवीला पुढे घातलं आणि झोपलेल्या सुकलालवर पुन्हा कुलूप लावलं. तिथपासून शाळेपर्यंत त्यांनी चार वेळा मागे वळून पाहिलं.

"हे काय, बालवाडी काढली का?" रघुनाथ सरांनी विचारलं.

"गणिताचा पेपर आहे सर. आज काही बोलू नका मला."

भटूला खांद्यावर घेऊन त्या बाकांमधून येरझारा घालू लागल्या. पोर झोपलं, पण त्यांचं मन थाऱ्यावर येईना. कोंडलेला माणूस. त्याला काही झालं तर? आग लागली, चक्कर आली, नुसतं पाणी हवं झालं तरी? पल्लवी खाली मान घालून भराभर लिहीत होती, आणि बाई खिडकीपाशी जाऊन फाटकाकडे पाहत होत्या.

साडेनऊला फाटकातून सुकलाल आत आला. बनियन, तारवटलेले डोळे, केसांत कापसाचे तंतू. पल्लवीचं पेन थांबलं.

त्या व्हरांड्यात धावल्या. "सुकलालभाऊ, चूक माझी आहे. मुलीला काही बोलू नका."

"भटूचं रडणं ऐकू आलं नाही म्हणून जाग आली," तो म्हणाला. मागांच्या खडखडाटातून आलेल्या त्या माणसाला शांततेनेच उठवलं होतं. "पाहतो तर घरात कुणी नाही. हाका मारल्या तेव्हा गल्लीतल्या धुडकूने कोयंडा उपटला. त्याला पल्लवी तुमच्यासंगे जाताना दिसली होती."

"पेपर चालू आहे. तीन राहिले होते, त्यातला हा एक."

"पेपर?" तो वर्गाच्या दाराकडे पाहत राहिला. "मला घरात कुणी काही सांगतच नाही बाई. मी झोपलेला असतो."

त्याने बाईंच्या खांद्यावरून भटूला अलगद उचललं आणि पायरीवर बसला. दारातून पल्लवीला नुसती हाताने खूण केली, लिही. तिचं पेन पुन्हा चालू लागलं. बाई आत गेल्या, पण त्यांचं लक्ष पायरीकडेच होतं. सुकलालची मान पुढे कलंडायची, दचकून वर यायची, हात मात्र भटूभोवती घट्ट.

पेपर संपल्यावर त्याने विचारलं, "आता दोन राहिले ना?"

"हो. उद्या आणि परवा."

"मग दोन दिवस मी जागतो. तुम्ही कशाला पोर वागवायचं?"

मालतीबाईंच्या तोंडाशी 'बरं' आलं होतं. पण त्यांना सुकलालची बोटं दिसली. संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत मागाच्या धावत्या धोट्याजवळ वावरणारी बोटं, आणि त्यावर दिवसभराची न झालेली झोप. नको म्हणावं, तर भटू पुन्हा त्यांच्या खांद्यावर आणि सुकलाल पुन्हा कुलपाआड. हो म्हणावं, तर दोन रात्री काळजीने बाईंच्या डोळ्याला डोळा लागणार नव्हता.

"दोघं मिळून पाहू," त्या म्हणाल्या. "उद्या तुम्ही इथेच, या व्हरांड्यात झोपा. भटू माझ्याकडे."

"शाळेत झोपू?"

"रघुनाथ सरांना मी पाहते. अहवालातली पल्लवीची ओळही खोडायची आहे," त्या म्हणाल्या आणि सरांच्या खोलीकडे चालूही लागल्या.