जोडीचा सेल

आतेच्या ऐकायच्या मशीनला एकच पेन्सिल सेल लागतो, आणि आमचा चार्जर दोन सेल घातल्याशिवाय चालत नाही. एवढ्या एका गोष्टीवर मी तिला सहा महिने छळले.

आते म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्न झाले नाही, जन्म आमच्याच घरात गेला. मला तिने वाढवले आणि मी मोठा झाल्यावरही सोडले नाही. बायकोशी झालेले भांडण, फोनवर गिऱ्हाइकाला मारलेली थाप, सगळे तिला ऐकू जायचे आणि जेवताना भातासोबत वाढले जायचे. तिचे कान जायला लागले तेव्हा मी मनातून खूश झालो, खोटे कशाला सांगू. पण मुंबईच्या धाकट्या भावाला पुळका आला आणि त्याने मशीन आणून दिले. पोलक्यात ठेवायची डबी आणि कानापर्यंत वायर. ते लावून आते म्हणाली, "आयकाक येता तंवसर मी ह्या घरातली. मगे नुसती पडलेली."

कुडाळच्या बाजारात माझे विजेच्या सामानाचे दुकान आहे. चार्जर दुकानातलाच, सगळ्यांत स्वस्त. त्याला खाचा चार, पण दिवे दोनच. बनवणाऱ्याने प्रत्येक सेलसाठी वेगळे सर्किट द्यायचा खर्च वाचवला आहे. दोन सेल एका माळेत, आणि दोघांवर मिळून एकच पहारेकरी. एक सेल भरला की पहारेकऱ्याला वाटते दोघेही जेवले, आणि तो हिरवा दिवा लावून मोकळा होतो. दुसरा उपाशी राहिला तरी त्याला पत्ता नसतो. म्हणून दोन्ही सेल सारखेच रिकामे करून घालायचे असतात. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगतो. आतेला सांगितले नाही.

चार्जरसोबतच्या पाकिटात पुन्हा भरता येणारे दोन सेल होते. एक मशीनमध्ये गेला, दुसरा मी माजघरातल्या घड्याळात घातला. घड्याळ खाऊन खाऊन किती खाणार? तो सेल कायम भरलेला. संध्याकाळी आते मशीनमधला सेल काढून द्यायची, मी जोडीला घड्याळातला लावायचो, आणि थोड्याच वेळात हिरवा दिवा. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी तिचे मशीन मान टाकायचे. पहिले काही दिवस हे आळसाने झाले. नंतर जाणूनबुजून.

एकदा तिने विचारले, "हो एकटो सेल चार्ज कित्याक होणा नाय रे?"

"जोडी लागता गो आते," मी म्हणालो. "एकट्याचा काय खरा नाय. तुका म्हायत आसतलाच."

बायको पदराआड हसली. आतेही हसली थोडी. मग सेल माझ्या हातात देऊन आत गेली.

दुपारनंतर आम्ही तिच्यादेखत तिच्याविषयी बोलायचो. ती खोकते किती, खाते किती, तिची खोली मोकळी झाली तर दुकानाचा माल कसा लावता येईल. ती समोर बसून फणसाच्या आठळ्या सोलत असायची. घरात बोलायची अशी मोकळीक मला जन्मात मिळाली नव्हती.

चतुर्थीच्या आधी ती म्हणाली, "आता सेल मीच घालतंय. तू नको." मला तेवढाच ताप कमी. त्या दिवसांत माजघरातले घड्याळ मागे पडू लागले, दोनदा आरतीला उशीर झाला. मी घड्याळाला शिव्या घातल्या आणि विसरलो.

विसर्जनाच्या दुपारी गाऱ्हाणे घालायला मी उभा राहिलो. वडील गेल्यापासून तो मान माझा. एकेक मागणे मी मांडायचे, आणि माझे तोंड थांबले की बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे. बहिऱ्यालाही ते जमते. लेकरांना सुखी ठेव, व्हय म्हाराजा. दुकानाला बरकत दे, व्हय म्हाराजा. मग गणपतीला आलेल्या धाकट्या भावाकडे डोळा घालून, तोच सूर न सोडता मी म्हणालो, "आणि ह्या घरात एक जुना खोड आसा, कोणाच्याच उपयोगाचा नाय, त्येका तुझ्यावांगडा घेवन जा म्हाराजा."

भावाने पंचा तोंडाशी धरला. बायकोने मान खाली घातली. एकटी आते हात जोडून, अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा."

गणपती पोचवून आलो तर ती ओटीवर चार्जर घेऊन बसली होती. नुकतेच काढलेले दोन सेल तिने माझ्या हातावर ठेवले.

"हात लावन बघ. दोनूय ऊन आसत."

मी मूठ मिटली. दोन्ही ऊन होते.

"तू घालीस तेव्हा एक ऊन आसायचो, एक थंड. ऊन तो जेवलेलो, थंड तो उपाशी. इतक्या माका कळता. जल्मभर भाताच्या टोपाक हात लावलंय." घड्याळातला सेल तिने काढून घेतला होता आणि घड्याळात लहान हातबॅटरीतला जुना पेन्सिल सेल घातला होता. एक दिवस हा वापरायचा, दुसऱ्या दिवशी तो, आणि दोन्ही संपले की एकत्र लावायचे. चार्जरसोबत आलेल्या कंपनीच्या कागदावर लिहिलेले तिने एकेका शब्दावर बोट ठेवून वाचले होते.

"म्हणजे दुपारी..." मी म्हणालो.

"व्हय म्हटलंय ता आयकान म्हटलंय," माझ्या तोंडावरून ओळखून ती म्हणाली, आणि सेल घेऊन आत गेली.

मी माफी मागितली नाही. हिंमत झाली नाही. तिच्यासाठी चार दिव्यांचा, प्रत्येक सेलला वेगळा पहारा देणारा महागातला चार्जर आणला. माझ्यासारखी माणसे असली कामे वस्तू आणून उरकतात. तिने तो वापरला. जेवताना मला बोलणे मात्र बंद केले. माझे सगळे ऐकते आणि वाढत राहते.

यंदा विसर्जनाच्या गाऱ्हाण्यात मी आतेसाठी मागणे मांडले. तिला उदंड आयुष्य दे, तिची सावली ह्या घरावर ठेव, असे काहीबाही. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

आते माझ्याकडे बघत गप्प उभी होती. मशीन चालू होते. त्यातला सेल सकाळी मीच भरून दिला होता.