चांदपाशा आणि तीन एक्के

पडदा वर जातो तेव्हा समोर नाट्यगृह नाही, चिकलठाण्यातल्या एका बंद कारखान्याचं कँटीन आहे; तालीम तिथंच चालते. पत्र्याखाली फडफडणारी ट्यूबलाइट, भिंतीशी उलट्या रचलेल्या खुर्च्या, मधोमध हिरवं कापड अंथरलेलं टेबल. टेबलामागे रुंद खांद्यांचा, पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा उभा आहे. समोर पत्ते उताणे पडलेत.

हा चांदपाशा. गावातल्या कुठल्याही जुन्या नटाला विचारा, तो आधी हसेल आणि मग डोळे पुसेल. काय माणूस! पडद्याचा दोर याच्या हाती असला की नट निर्धास्त. टाळी कुठे येणार, पडदा कुठे क्षणभर रेंगाळला पाहिजे, हे त्याच्या तळहातांना कळायचं. जन्मभर त्याने दुसऱ्यांना उजेडात सोडलं आणि स्वतः विंगेत राहिला. त्याची बायको वहिदा पुढच्या रांगेत बसून फक्त पडदा बघायची आणि घरी जाऊन म्हणायची, "आज अच्छा खोले जी तुम्ही." मग पडद्याला मोटर बसली, बटण आलं, आणि चांदपाशा घरी बसला.

आणि आता या वयात दिग्दर्शिका अमृताने त्याला भूमिका दिली होती. क्लबात पत्ते वाटणाऱ्या बुजुर्गाची. वाक्य एकच, पण सगळं नाटक त्यावर उभं. अमृताने शेवट दोन बसवले होते. अभय आणि रूपा या दोन नटांमध्ये पाच पानांच्या पोकरचा डाव रंगायचा, ज्याचा हात मोठा त्याच्या बाजूचा शेवट व्हायचा. प्रयोगाआधी अमृता स्वतः पानं लावून पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवणार. कुणाला काय येणार हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. पानं मागच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसणार. कोण जिंकलं ते चांदपाशाने सांगायचं.

"बोला चाचा," अमृता म्हणाली.

अभयपुढे पंजीपासून नव्वीपर्यंत सरळ रांग होती, निरनिराळ्या रंगांची. रूपापुढे पाच बदाम, पण विस्कटलेले.

"रन! डाव अभयचा!"

अभय टेबलावर डोकं टेकून हसायला लागला. "चाचा, रूपाला घरी पाठवलंत की हो फुकटात!"

"तीन पत्तीत रनच मोठं असतंय," चांदपाशा पुटपुटला.

"ही तीन पत्ती नाही ना," अमृता म्हणाली. "पोकरमध्ये पाचही पानं एका रंगाची, म्हणजे कलर, रनला मारतो. किती वेळा सांगितलं." ती जवळ आली, आवाज खाली आणला. "चाचा, राग मानू नका. अजून एकदा चुकलात तर प्रयोगाला सुयशला उभं करावं लागेल. त्याला मोबाइलवर खेळून सगळं पाठ आहे."

सुयश मंडळीतला सगळ्यात तरुण, बिचारा भला पोरगा. तो खाली बघत राहिला. ते चांदपाशाला जास्त लागलं.

पत्तेच त्याला नवे असते तर पोकर तो शिकलाही असता. पण साऱ्या मराठवाड्यासारखी त्याच्या अंगात तीन पत्ती मुरलेली. दिवाळीच्या दौऱ्यात विंगेमागे चिंचोके लावून खेळलेली. तिथं एकच कायदा: तीन सारखी पानं म्हणजे ट्रेल, आणि ट्रेलपुढे सगळ्यांनी मान तुकवायची. पोकरमध्ये त्या ट्रेलला कलर मारतो, साधं रनसुद्धा मारतं. हे त्याला पटतच नव्हतं. सुलतानाला भालदाराने खाली बसवावं, तसं वाटायचं.

घरी वहिदा मेथी निवडत होती. पत्त्यांना ती हात लावायची नाही.

"ये बुढापे में पत्ते! लोगां क्या बोलेंगे जी?"

"लोगां को छोड. तू बघायला येणार ना?"

"येते की." जुडी बाजूला ठेवून तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "सूरत कैको उतरी तुमची?"

त्याने सांगितलं. तिने जुडी परत उचलली. मग म्हणाली, "नाटक सरल्यावर सगळे झुकने आते, तब पैले कौन आता?"

"छोटे लोक. शिपाई, मोलकरीण. नायक शेवटी."

"फिर वैसाच याद रखो ना."

अभिवादनाचा क्रम! तो तर त्याने जन्मभर दोर धरून पाहिलेला. चांदपाशाने पानांना भूमिका वाटल्या. एकटं मोठं पान म्हणजे गर्दीतला माणूस, जोडी म्हणजे नोकर-मोलकरीण, दोन जोड्या म्हणजे शेजारीपाजारी. त्यानंतर तीन सारखी, मग रन, मग कलर, आणि अशीच चढत चढत शेवटी एकाच रंगाचं रन, नाटकाची नायिका. न्हाताना, दाढी करताना, शहागंजातून भाजी आणताना तो ही माणसं एकेक करून रंगमंचावर आणत होता. तरी झोपेतून दचकला की ओठांवर पहिला शब्द यायचा तो ट्रेल.

प्रयोगाच्या संध्याकाळी नाट्यगृह भरलं. वहिदा मधल्या वाटेशी बसली होती, नवा बुरखा घालून. विंगेत अमृता नखं खात उभी. सुयशच्या अंगावर चांदपाशासारखाच कोट चढवलेला, वेळ पडली तर म्हणून.

चांदपाशाने पानं वाटली. रूपाने हात उघडला: चव्वी, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, दोन काळे रंग आणि दोन लाल मिसळलेले. अगदीच गरीब दिसणारं रन. मग अभयने एकेक पान टाकलं. इस्पिकचा एक्का. बदामचा एक्का. चौकटचा एक्का. सोबत दोन किरकोळ पानं.

मागच्या पडद्यावर तीन एक्के झळकले आणि प्रेक्षागृह उसळलं.

"ट्रेल! एक्क्यांचा ट्रेल!" कुणीतरी शिट्टी मारली. "उठा, खेळ संपला!"

चांदपाशाची जीभ आपोआप वळत होती, सगळ्या गावाबरोबर ओरडायला. त्याने डोळे मिटले. तीन सारखी आधी येतात, वाकतात, बाजूला होतात. त्यांच्यामागून रन येतं. खात्री? खात्री कसली! विंगेकडे बघायचा मोह झाला. त्याने बघितलं नाही.

"डाव बाईचा," तो म्हणाला.

एकच गलका उठला. "ओ चाचा, चष्मा घाला!" "एक्के दिसले नाय व्हय?" त्या गोंगाटात रूपाला पुढचं वाक्य घेता येईना, अभय तिच्याकडे बघत राहिला. नाटक तिथंच अडकलं. पुढे चांदपाशाला वाक्यच नव्हतं.

त्याने टेबलावर दोन्ही तळहात टेकले आणि अंधारातल्या त्या गर्दीकडे पाहिलं.

"गलका करू नका, मालक. परवापर्यंत मलाबी असंच वाटायचं. पण ह्या टेबलावर रन मोठं. डाव बाईचाच हाय."