गयाकाकूंकडची अमानत

गयाकाकूंइतकी दुसऱ्याच्या वस्तूला जपणारी बाई आमच्या पंचक्रोशीत झाली नाही, हे मी कोणत्याही न्यायालयात शपथेवर सांगेन. मात्र एका श्रावणात बाजाराला जाताना त्यांनी माझी काळी छत्री मागून नेली आणि ती मला कधीच परत मिळाली नाही, हेही मग त्याच शपथेवर सांगावे लागेल.

राणीसावरगावच्या बाजूच्या एका खेड्यात मी शिक्षक होतो आणि काकूंच्या घराला लागून असलेल्या खोलीत भाड्याने राहत होतो. दसरा झाला की निम्मे गाव ऊसतोडीला जाई. गाडीत न मावणारे सामान, म्हणजे हंडे, परात, पाळणा, कधी घराचे दारसुद्धा, लोक काकूंच्या माजघरात आणून ठेवत. काकूंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या मालकिणीच्या लुगड्याचा काठ फाडायला लावत. त्याची अर्धी चिंधी वस्तूला बांधत आणि अर्धी मालकिणीकडे देत. परतल्यावर चिंधीला चिंधी जुळली की वस्तू मिळे. सख्खी जाऊ चिंधी विसरून आली तरी तिला परत पाठवत.

"मी वळकते गं तुला," त्या म्हणत. "पर चिंधी वळकत न्हाई ना!"

मागून आणलेल्या वस्तूंचा कायदा वेगळा होता. शेजारच्या परसातली वांगी, कुणाची चाळणी, माझी छत्री, हे सगळे त्या खात्यात. मी कुरकुर केली की म्हणत, "गुरजी, तुमी ती माझ्याकडं ठिवली व्हती का? मी मागून नेली. मागून नेलेली वस्तू मागून न्यावी."

"मी मागतोच आहे, काकू."

"आता भरल्या पावसात मागायलाव?"

वकिलीची परीक्षा मी अर्धवट सोडली होती. त्या मुद्द्यावर उत्तर काय, हे उरलेल्या अर्ध्यात असावे.

मग नामांतराचे पहिले वर्ष आले. विद्यापीठाचे नाव बदलायचे म्हणून, ज्यांनी विद्यापीठ कधी पाहिले नव्हते आणि पाहणारही नव्हते, ती माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली. आमच्या गावात घरे जळाली नाहीत, याचा पुढे पुढाऱ्यांनी भाषणांत फार अभिमान बाळगला. खालच्या वस्तीचे पाणी, दळण आणि मजुरी तेवढी बंद झाली.

त्या वस्तीत किसन शिंपीकाम करायचा. गावातली निम्मी झंपरे त्याच्या मशीनवर शिवलेली होती. ती अंगात घालूनच लोकांनी त्याचे काम बंद केले. एका संध्याकाळी तो, त्याची बायको सुंदराबाई आणि कडेवरचे पोर काकूंच्या अंगणाच्या कडेला येऊन उभे राहिले. किसनच्या डोक्यावर मशीन होती.

"माय, परभणीला चाललाव," तो म्हणाला. "हे वझं घिऊन वाट चालवंना. रस्त्यात कुणी फोडली तर? तुमी ठिवता का?"

काकूंनी आधी गल्लीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "ठीव. गोठ्यात ठीव."

इतरांच्या अमानती माजघरात असत. किसनची गोठ्यात गेली. सुंदराबाईने पदराचा हिरवा काठ फाडला आणि अर्धी चिंधी जमिनीवर ठेवली. ती मागे सरकल्यावर काकूंनी उचलली. स्वतःच्या हाताने मशीनच्या चाकाला घट्ट गाठ मारली. ती माणसे गेल्यावर अंघोळ केली. मी जसे पाहिले तसे सांगतो आहे. काकूंना समाजसुधारक ठरवायचा माझा इरादा नाही, त्यांना तो आवडलाही नसता.

पण पुढची सारी वर्षे त्या मशीनपायी काकू घरादाराशी भांडल्या. मुलगा दत्ता म्हणायचा, "माय, धूळ खात पडलीय. तुझी सून घरचं दोन-चार कपडे शिवील. किसन आला की दिऊन टाकू." काकू म्हणत, "आला की इचारू."

एकदा सरपंच चार माणसे आणि एक हार घेऊन आले. महिलांसाठी शिवणवर्ग काढायचा होता, उद्घाटन ठरले होते, मशीन तेवढी नव्हती. "बेवारस मालमत्ता समाजाच्या कामी यावी," सरपंच म्हणाले.

"बेवारस कशी?" काकू म्हणाल्या. "वारस जिता हाय. तुमच्याच भ्यानं गेलाय. त्यो हार न्या, इथं कुणी मेलं न्हाई."

ते गेल्यावर त्यांनी मला विचारले, "गुरजी, कायदा काय म्हणतो?"

मी सांगितले, "ताबा तुमचा, मालकी त्याची. त्याच्या परवानगीशिवाय वापरता यायचे नाही. पण काकू, राखायचीही आपल्या वस्तूसारखी. निदान तेलाचा थेंब सोडा, गंजेल."

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तेल घातलं की हात लागला. हात लागला की चाक फिरवून बघावं वाटतंय. फिरवलं की सुनंला शिवावं वाटतंय. आन् शिवलं की आपलीच वाटाया लागती. माझी असती तर सोडलं असतं तेल."

हे त्या खरोखर इमानापोटी बोलल्या, की गोठ्यातल्या त्या वस्तूला हात न लावण्याचे त्यांच्याकडे आणखी एक जुने कारण होते, हे मला तेव्हा कळले नाही. आजही कळत नाही. दोन्ही असावे.

माझी बदली पिंगळीला झाली. पुढे काकू अंथरुणाला खिळल्याचे कळले म्हणून भेटायला गेलो. पायाजवळ दत्ता बसला होता. "गुरजी, परभणी तुमच्या जवळ हाय," त्या म्हणाल्या. "किसनला धुंडा. चिंधी घिऊन ये म्हणावं. मला लय वझं झालंय तिचं." मग दत्ताकडे वळून म्हणाल्या, "जुळली तर द्यायची. न्हाई जुळली तर इंद्राचा बाप आला तरी न्हाई."

किसनला शोधायला मला वेळ लागला. सापडली ती सुंदराबाई. किसन दोन उन्हाळ्यांपूर्वी वारला होता. उरलेला जन्म दुसऱ्याच्या दुकानात काजे-बटणे करत राहिला. गावाकडे यायची त्याची छाती झाली नाही. "पर रोज म्हणायचे," सुंदराबाई म्हणाली, "आपल्याला काय कमी हाय, आपली मशीन मायकडं हाय की."

मी तिला घेऊन गावी पोचलो तेव्हा काकूंना जाऊन महिना झाला होता. विद्यापीठाचे नाव बदलून झाले होते आणि त्याचे श्रेय गावात बरेच जण घेत होते.

सुंदराबाई जुन्या सवयीने अंगणाच्या कडेलाच थांबली. दत्ता म्हणाला, "आत या, वैनी." ती आली नाही. तिने चंचीतून चिंधी काढली. ती अजून हिरवी होती. चाकावरची धुळीने मातकट झालेली. रंग जुळेना. इतकी वर्षे मशीनवर डोळा ठेवून असलेल्या दत्ताने चाकावरची चिंधी सोडून पाण्यात धुतली, दोन्ही तुकडे तळहातावर शेजारी धरले आणि काठाची नक्षी जुळवून पाहिली. मग मशीन उचलून तिच्यापुढे आणून ठेवली.

सुंदराबाईने चाक फिरवले. फिरले नाही. दोन्ही हातांनी फिरवले. आतून बाहेरून सगळी गंजली होती.

"कुणीच चालवली न्हाई?" तिने विचारले.

"मायनं हात लावू दिला न्हाई," दत्ता म्हणाला.

"हात न्हाई लावला," सुंदराबाई स्वतःशीच म्हणाली. बराच वेळ तिने चाकावरचा हात काढला नाही. मग पदराने मशीन पुसायला लागली.

दत्ताने ती डोक्यावर घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत पोचवली. गाडी यायची होती आणि भादव्यातली भुरभुर सुरू झाली. दत्ता घरी पळत गेला आणि मशीन भिजू नये म्हणून एक काळी छत्री घेऊन आला. गाडी येईपर्यंत तो ती मशीनवर धरून उभा होता. छत्रीच्या दांड्यावर माझे नाव होते.