कॅप्टनची चौकशी

बस सुटायच्या आधी अण्णांनी खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि आजूबाजूला बघत हळूच म्हणाले, "तिकडं तरी हात आवरून बोलत जा." याला बारा वर्षं झाली. बाकीच्यांचे वडील निघताना वेळेवर जेव, जपून राहा असं सांगतात. मला हातांबद्दल सूचना मिळाली. मुंबई येईपर्यंत मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो, हे आठवलं की अजून स्वतःचाच संताप येतो.

बजाजनगरात माझ्या चालण्याची नक्कल न केलेलं पोरगं शोधून सापडलं नसतं. सिनेमात माझ्यासारखा माणूस आला की तो लचकणार, लोक हसणार, मग कुणीतरी त्याच्या थोबाडीत मारणार, एवढंच ठरलेलं. तसला सीन लागला की अण्णा चॅनल बदलायचे. माझ्यासाठी की स्वतःसाठी, ते मी कधी विचारलं नाही.

आता मालाडच्या एका स्टुडिओत मी जपानी अॅनिमेचे, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिकांचे, हिंदी संवाद लिहितो. गेल्या वर्षी एका मालिकेत एक कॅप्टन आला. नाजूक बोलणारा, लढाईआधी आरशात बघून पावडर लावणारा, फौजेतल्या वैद्यावर जीव असलेला. आणि अख्खी फौज त्याच्या शब्दाखातर थांबते. कुणीही हसत नाही. आमच्या डबिंगच्या डायरेक्टरला नेमकं तेच खटकलं. "थोडी टाळी-बिळी टाकू, पब्लिक हसलं पाहिजे," म्हणाला. मी टाळी काढायचो, तो परत घालायचा. चार दिवस हाच खेळ. शेवटी वैतागून मीच माइकसमोर उभा राहिलो आणि माझ्या रोजच्या आवाजात, हात हलवत, पूर्ण प्रसंग बोलून दाखवला. त्यानंतर त्यानं टाळीचं नाव काढलं नाही. कॅप्टनला आवाज माझाच राहिला.

आईनं फोनवर फक्त 'कॅप्टन' एवढंच ऐकलं. पोरगा हिरोचा आवाज झाला म्हणून तिनं गल्लीत पेढे वाटले आणि पहिल्या भागाला सगळा शेजार टीव्हीपुढे आणून बसवला. त्या दिवशी घरून फोन आला नाही. थेट रविवारी आला. अण्णा म्हणाले, "त्या कॅप्टनच्या खांद्याला लई लागलं का रे?"

तेव्हापासून दर रविवारी हेच. कॅप्टन बरा हाय का, येळेवर जेवतो का, तो वैद्य त्याच्यासंगंच राहतो व्हय. मी तापानं फणफणलो होतो, तेव्हाही चौकशी कॅप्टनचीच. अहो अण्णा, मी आहे ना इथं, मला विचारा की. माझ्या घरातल्या माणसाला तुम्ही सहा वर्षं 'रूममेट' म्हणताय. तो शब्द तुम्हाला मीच शिकवला, हे कबूल.

गेल्या रविवारी म्हणाले, "त्या वैद्याला येकदा इकडं घेऊन ये म्हणावं. वेरूळ दाखवू."

मी चिडून विचारलं, "कुणाला म्हणू?"

"कॅप्टनला," एवढं बोलून त्यांनी फोन आईकडे दिला.

अण्णा, वेरूळ त्यानं पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिथल्या लॉजवर, आपल्या घरापासून तासाभरावर राहिलो, लेणी पाहिली आणि तसेच मुंबईला परतलो. त्याला आपलं घर बघायचं होतं. मीच नको म्हणालो.